काल कुठे होतास?

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. एसटीत वाहक असलेले माझ्या ओळखीचे एक गृहस्थ संध्याकाळी मुलाला घेऊन दवाखान्यात आले. मुलगा पुण्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. दहावीला तो तालुक्यात पहिला आला होता आणि त्याचा फोटो पेपरात छापून आला होता, हे वडिलांनी आल्या आल्या सांगितले. मग म्हणाले, “साहेब, पोरगं पार वाळून गेलंय. पोट दुखतं म्हणतं, झोप नाही म्हणतं. एक ताकदीचं सलाईन लावा, म्हणजे होईल उभं.”

मी मुलाला तपासले. पोट मऊ होते, रक्तदाब ठीक होता. रक्त तपासायला पाठवले. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड सगळे नॉर्मल. वडिलांना मी म्हटले, “तुम्ही जरा बाहेर चहा घेऊन या.” ते गेल्यावर मुलाला विचारले, “काय रे, मेसमध्ये जेवायला कोणाबरोबर बसतोस?”

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “कोणाबरोबर नाही. डबा खोलीवरच मागवतो.” थोड्या वेळाने आपणहून बोलला, “सर, मागच्या महिन्यात मी दहा दिवस कॉलेजला गेलोच नाही. खोलीतून बाहेर पडलो नाही. कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.”

हळूहळू सगळे बाहेर आले. पहिल्या वर्षाचे दोन विषय राहिले होते. घरी सांगितले नव्हते. वर्गात सर्व इंग्रजीतून चाले, आणि शंका विचारायला उभे राहिले की मागून कोणी हसेल अशी भीती वाटे. गावाकडे हा मुलगा पहिला होता, तिथे वर्गातला प्रत्येकजण कुठल्या ना कुठल्या गावचा पहिलाच होता. वडील रोज फोन करत. “जेवलास का? अभ्यास चाललाय ना? बरं, ठेवतो.” यावर तो “हो” म्हणत असे.

मी त्याला सरळच विचारले, “मरून जावं असे विचार येतात का मनात?” तो रडू लागला आणि मान हलवून “हो” म्हणाला.

सलाईन मी लावले नाही. त्या दिवशी पुढे काय केले ते शेवटी सांगतो.

मनाचा आजार पोटातून बोलतो

वाचकहो, मनाचा आजार घेऊन कोणी “मी उदास आहे” असे सांगत दवाखान्यात येत नाही. निदान आपल्या भागात तरी नाही. पोट दुखते, डोके जड राहते, छातीत धडधडते, अंगात त्राण नाही, या तक्रारी घेऊन माणूस येतो. तरुण मुलांत आणखी काही खुणा दिसतात. झोपेचे वेळापत्रक उलटेपालटे होते, जेवण कमी किंवा एकदम जास्त होते, आवडीचे क्रिकेट नाही की गाणे नाही, चिडचिड वाढते, अंघोळ-दाढीकडे दुर्लक्ष होते, मित्रांचे फोन उचलले जात नाहीत. अशी अवस्था दोन आठवड्यांहून अधिक टिकली आणि रोजची कामे अडू लागली, तर त्याला नुसता आळस किंवा नखरे समजू नये. तो नैराश्याचा आजार असू शकतो.

हा आजार कॉलेजच्या वयातच का गाठतो? अमेरिकेत केलेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत असे आढळले, की आयुष्यात ज्यांना कधी मानसिक आजार होतो, त्यांच्यापैकी निम्म्या लोकांत त्याची सुरुवात वयाच्या १४ वर्षांपर्यंत आणि पाऊण लोकांत २४ वर्षांपर्यंत झालेली असते. म्हणजे ज्या वयात आपण मुलाला घरापासून दूर पाठवतो, नेमके तेच हे वय. आणि त्याच वेळी त्याचे आई-वडील, भावंडे, गल्लीतले मित्र, ओळखीचे मास्तर हे सर्व धागे एकदम तुटतात. नवे धागे जुळायला वेळ लागतो. काहींचे जुळतच नाहीत.

देशातल्या आत्महत्यांची आकडेवारी केंद्र सरकारचा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग देतो. त्यानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपवले. राज्यवार पाहिले तर सर्वाधिक संख्या आपल्या महाराष्ट्राची होती, १,७६४. यात शाळेतली मुलेही आली. परीक्षेतले अपयश हे यातले एक कारण आहे, पण एकमेव नाही. पैशाची ओढाताण, घरातले तंटे, प्रेमप्रकरण, जातीवरून होणारी हेटाळणी, व्यसन, आणि न ओळखलेला मानसिक आजार, अशी अनेक कारणे एकत्र येतात. म्हणून “एवढ्याशा मार्कांसाठी जीव दिला” असे बोलून मोकळे होणे बरोबर नाही.

माझ्या होस्टेलमधली खोली

हा विषय मी आज लिहीत आहे, त्याला आणखी एक कारण आहे. मी वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना आमच्या मजल्यावर, माझ्या खोलीपासून तिसऱ्या खोलीत, एक मुलगा राहत असे. अबोल, हुशार, अक्षर मोत्यासारखे. त्याच्या वह्या आम्ही उतरवून घ्यायचो. दुसऱ्या वर्षी तो मेसमध्ये येईनासा झाला. त्याची जागा रिकामी दिसते, हे माझ्या लक्षात आले होते. एकदा दारासमोरून जाताना मी थबकलोही. पण परीक्षा जवळ आली होती, वाटले तो अभ्यासात असेल, उगीच कशाला दार वाजवा. त्यानंतर चार-पाच दिवसांनी तो गेल्याची बातमी सकाळी सगळ्या होस्टेलभर झाली.

आम्ही सगळे होणारे डॉक्टर. नाडी, श्वास, ताप मोजायला शिकत होतो. पण शेजारचा माणूस जेवायला का येत नाही, हे विचारायला कोणी शिकवले नव्हते. मी दार वाजवले असते तर तो वाचला असता, असा दावा मी करत नाही. तसे कोणालाच सांगता येणार नाही. पण मी दार वाजवले नाही, ही गोष्ट खरी आहे आणि ती मला अजून विसरता आलेली नाही.

वारावरचे जेवण आणि बोर्डिंग

आमचे आजोबा पुण्याला वार लावून शिकले. सोमवारी एका घरी जेवायचे, मंगळवारी दुसऱ्या, असे सात घरी सात वार. त्यात मानहानीही होती. एखाद्या घरी पानात शिळे पडे, कुठे टोमणे ऐकावे लागत. शिवाय ही सोय काही ठराविक जातींच्याच मुलांना मिळे. त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण आजोबा एक गोष्ट नेहमी सांगत. गुरुवारच्या घरच्या काकू, एक वार चुकला की पुढच्या गुरुवारी विचारायच्या, “मागच्या वारी कुठे होतास रे? बरं नव्हतं का?” आठवड्यातून सात वेळा कोणीतरी त्यांचे तोंड पाहत होते.

ज्यांना असे वार मिळत नव्हते, त्यांच्यासाठी या महाराष्ट्रातच मोठी कामे झाली. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करायला सुरुवात केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे साताऱ्याच्या बोर्डिंगात सर्व जातींची मुले एकत्र राहू, जेवू लागली. कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी बोर्डिंगातल्या मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले, हे आपण शाळेत वाचलेले आहे. तिथे मुले एकत्र राबत होती, एकत्र जेवत होती, आणि कोण आजारी आहे, कोण रुसला आहे हे पाहणारी माणसे होती. पुण्यात १९५५ साली डॉ. अच्युतराव आपटे यांनी सुरू केलेल्या विद्यार्थी सहाय्यक समितीनेही खेड्यातल्या मुलांसाठी असाच आधार उभा केला.

आज मुलाला स्वतंत्र खोली, इंटरनेट आणि घरपोच डबा मिळतो. सोय झाली याचा आनंदच आहे. पण त्या सोयीत “काल कुठे होतास?” हा प्रश्न मात्र हरवला.

चहा देणाऱ्यांची करामत

“नुसते विचारून काय होते?” असे काहीजण म्हणतील. त्यांच्यासाठी काही खऱ्या गोष्टी सांगतो.

लंडनमध्ये चॅड वारा नावाच्या एका धर्मगुरूंनी १९५३ साली आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी टेलिफोन सेवा सुरू केली. त्यांना भेटायला इतके लोक येऊ लागले, की बाहेर थांबून राहावे लागे. मदतीला आलेले स्वयंसेवक या थांबलेल्यांना चहा देत आणि त्यांच्याजवळ बसून ऐकून घेत. थोड्याच दिवसांत धर्मगुरूंच्या लक्षात आले, की चहा पिऊन, मन मोकळे करून अनेकजण त्यांना न भेटताच हलके होऊन जात आहेत. पुढच्याच वर्षी त्यांनी ऐकण्याचे काम त्या स्वयंसेवकांकडे सोपवले. ‘समॅरिटन्स’ ही संस्था अशी उभी राहिली. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७० साली विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी रात्रभर चालवलेली ‘नाइटलाइन’ नावाची फोनसेवा सुरू झाली. रात्र ही एकट्या मुलाला सर्वांत जड जाते, हे त्यांनी ओळखले होते.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे डॉ. जेरोम मोटो या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६९ च्या सुमारास एक साधा प्रयोग केला. नैराश्य किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे रुग्णालयात राहून गेलेले, पण पुढचे उपचार नको म्हणणारे ८४३ रुग्ण त्यांनी निवडले. त्यांपैकी सुमारे निम्म्यांना पाच वर्षे अधूनमधून एक छोटे पत्र जाई. तुमची आठवण आहे, ठीक असाल अशी आशा आहे, वाटले तर कळवा, एवढाच मजकूर. उपदेश नाही, मागणी नाही. पहिल्या दोन वर्षांत पत्रे मिळालेल्या गटात आत्महत्येचे प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी आढळले. कागदावरच्या चार ओळींनी हे केले.

आफ्रिकेतल्या झिम्बाब्वे देशात डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली हरारे शहरात १४ आज्यांना प्रशिक्षण दिले. दवाखान्याच्या आवारात एक बाकडे टाकले. आजी बाकड्यावर बसते, रुग्ण शेजारी बसतो, बोलतो, आणि आजी त्याला एकेक अडचण सोडवायला मदत करते. तिथल्या भाषेत नैराश्याला ‘फार विचार करणे’ अशा अर्थाचा शब्द आहे. आपल्याकडेही आई म्हणते ना, “पोरगं फार इचार करतंय!” या पद्धतीची २४ दवाखान्यांत ५७३ रुग्णांवर शास्त्रीय चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांत नैराश्याची लक्षणे होती. बाकड्यावर बसलेल्यांत हे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. आपल्या शेजारी गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेनेही डॉक्टर नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांकडून नैराश्यावर चांगला उपयोग होतो, हे दाखवून दिले आहे.

औषध कुठे लागते?

याचा अर्थ डॉक्टरची गरज नाही असा कोणी काढू नये. मित्राचा हात आणि तज्ज्ञाचा उपचार, दोन्ही लागतात. तीव्र नैराश्यात औषधे द्यावी लागतात. त्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत “काही फरक नाही” म्हणून ती सोडू नयेत. बरे वाटले म्हणून मनाने बंदही करू नयेत. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचे दारू-तंबाखूसारखे व्यसन लागते, हा गैरसमज काढून टाका. देवऋषाकडे नेऊन महिने घालवू नका.

एक भीती पोलिसांची असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते, आणि तिची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने ३०९ कलम राहिलेले नाही. तेव्हा गुन्हा होईल या भीतीने कोणी उपचार लपवू नयेत.

सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी राष्ट्रीय कृती दल नेमले, आणि जुलै २०२५ मध्ये देशभरातल्या शिक्षणसंस्थांना १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक पात्र समुपदेशक असावा, ही त्यांतली एक. प्रवेश घेताना आपण फी विचारतो, प्लेसमेंट विचारतो. आता “समुपदेशक कोण आहेत, कुठे बसतात?” हेही विचारा.

आपण काय करावे?

पालकांनी : फोनवर केवळ जेवण आणि अभ्यास विचारू नका. “आज कोणाबरोबर जेवलास? कोणाशी गप्पा झाल्या?” असे विचारा. नापास झालास तरी घराचे दार उघडे आहे, हे शब्दांत सांगा. मनात असून चालत नाही. शेजारच्या मुलाशी तुलना नको. महिना-दोन महिन्यांनी शक्य झाले तर जाऊन भेटा, आणि त्याच्या एका तरी मित्राचा फोन नंबर जवळ ठेवा.

मित्रांनी : जेवायला न येणाऱ्याचे दार वाजवा. तो बोलत असेल तर मध्ये उपदेश करू नका, आधी ऐका. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारायला घाबरू नका. विचारल्याने असा विचार डोक्यात भरत नाही, उलट मन मोकळे होते. “कोणाला सांगू नकोस” अशी शपथ घातली तरी ती पाळू नका. जिवापुढे शपथ मोठी नाही. अशा वेळी त्याला एकटे सोडू नका आणि लगेच मोठ्या माणसाला कळवा.

शिक्षकांनी : हजेरीपट हे मानसिक आरोग्याचे पहिले साधन आहे. सलग तीन-चार दिवस न आलेल्या मुलाला दंडाची नोटीस पाठवण्याआधी एक फोन करा. नवीन मुलांची निदान नावे पाठ करा.

मेसचालक आणि घरमालकांनी : डबा तसाच परत आला, खोलीचे दार दिवसभर बंद राहिले, तर चौकशी करा.

आणि हे वाचणाऱ्या विद्यार्थ्यांनो : मदत मागणे ही कमजोरी नाही. मनात वाईट विचार येत असतील तर १४४१६ या ‘टेली-मानस’च्या क्रमांकावर फोन करा. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास आहे, आणि मराठीतून बोलता येते. जिल्हा रुग्णालयातही मानसिक आजारांवर उपचार मिळतात.

त्या मुलाचे काय झाले?

त्याच्याच परवानगीने मी वडिलांना आत बोलावले. दोन विषय राहिल्याचे मुलानेच सांगितले. वडील जरा वेळ टेबलाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “एवढंच होय रे? मी दहावीला तीनदा बसलोय.” ही गोष्ट मुलाला एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच कळत होती.

दुसऱ्याच दिवशी दोघे मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. औषधे सुरू झाली. महिनाभर तो घरीच राहिला, आणि तेवढे दिवस घरच्यांनी त्याला एकटे ठेवले नाही. परत गेल्यावर त्याने खोली बदलली, आपल्याच भागातल्या दोन मुलांबरोबर राहू लागला, आणि डबा बंद करून मेसमध्ये बसून जेवू लागला. राहिलेल्या दोन विषयांपैकी एक सुटला, एक अजून आहे. गोळ्या चालू आहेत. मधूनमधून त्याला पुन्हा उदास वाटते, तेव्हा तो फोन करतो. मागच्या वेळी म्हणाला, “सर, दोन दिवस ताप होता म्हणून मेसला गेलो नाही. तिसऱ्या दिवशी मेसच्या मावशींनी ताट वाढायच्या आधी विचारलं, काल कुठं होतास रे?”

आपल्याही घरातले कोणी बाहेरगावी शिकत असेल. आज रात्री फोन कराल तेव्हा ‘बरं, ठेवतो’ म्हणायच्या आधी पाच मिनिटे थांबा, आणि त्याचे ऐका.